गेनसाठी पॉट: बी लावावा की सी शोधावा?

गिटारच्या पेडलचा पॉट (नॉबखालचा, फिरवून कमीजास्त होणारा रेझिस्टर) खरखरतोय, क्लीनर मारूनही ऐकत नाही, म्हणजे बदलायचा, इथपर्यंत कुणाचं दुमत नसतं. किती किलोओहमचा, तेही जुन्या पॉटवर छापलेलं असतं. घोळ होतो तो आकड्याशेजारच्या अक्षरात. ए म्हणजे लॉग (आधी हळू, मग झपाट्याने वाढणारा), बी म्हणजे लिनियर (सगळीकडे सारखा), सी म्हणजे उलटा लॉग (आधी झपाट्याने, मग हळू), हे आपल्याला पाठ असतं. पण डब्यात सापडतो तो बहुतेक वेळा बी, आणि मन म्हणतं, आकडा तोच आहे ना, मग लावून टाक.

मीही लावला होता. पेडल डिस्टॉर्शन प्लस नावाच्या पेडलच्या घराण्यातलं: फीडबॅकमध्ये (आउटपुटकडून इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेत) १ मेगओहम, ग्राउंडकडे जाताना ४.७ के (किलोओहम) आणि त्याच्याशी सिरीजमध्ये ५०० केचा गेन पॉट, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते ठरवणारा. इथे नॉब उजवीकडे फिरवला की पॉटचा रेझिस्टन्स कमी होतो आणि गेन वाढतो. नॉबला घड्याळ समजा. सात वाजता, म्हणजे पूर्ण डावीकडे, गेन साधारण ३ पट. बारा वाजता ५. चार वाजता १९. आणि पाच वाजता २१४! सातपासून चारपर्यंत नऊ तास पेडल जांभया देतं आणि उरलेल्या एका तासात सगळा तमाशा उरकतं. मला हवा असलेला आवाज नेमका साडेचारच्या आगेमागे होता. नॉबवर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन पाहिला, तर त्या ठिपक्याच्या रुंदीतच दोन वेगळे आवाज मावत होते. बुटाचं टोक लागलं की पुढचं गाणं भलत्याच आवाजात सुरू. बीबद्दल माझी तक्रार एवढीच, पण दर कार्यक्रमाला तीच.

त्याच जागी सी लावला तर मध्यावर ५० ते ७५ के उरतात, म्हणजे गेन १४ ते १९. बी चार वाजता जिथे पोहोचतो, तिथे सी बारालाच येतो आणि पुढचे पाच तास तुमच्या हातात राहतात. कानाला तरी नॉब सगळीकडे सारखा फिरतोय असं वाटतं.

सी मिळत नाही म्हणून ए उलटा जोडणारे आहेत. वळण अगदी तेच मिळतं, फक्त गेन डावीकडे वाढतो. घरी एकट्याने वाजवणाऱ्याला चालेलही. माझ्याकडे एका मित्राने आवाज जरा सौम्य करावा म्हणून नॉब डावीकडे फिरवला आणि अँपने अशी किंकाळी फोडली की तो पर्याय तिथेच संपला. बीला समांतर १०० केचा रेझिस्टर लावूनही पाहिला. कमीत कमी गेनच १२ च्या वर गेला, शेवटची उडी मात्र जिथल्या तिथे.

पण सी म्हणजे रामबाण नव्हे. ट्यूब स्क्रीमर या पेडलसारख्या सर्किटात ड्राइव्हचा, म्हणजे गेनचाच, पॉट फीडबॅकमध्येच बसतो; तिथे रेझिस्टन्स वाढला की गेन वाढतो, म्हणून ए हवा. सी लावलात तर वरचाच त्रास दुसऱ्या टोकाला, सात वाजता सुरू होईल. व्हॉल्यूमला मी ए लावतो, पण बी लावून सुखाने वाजवणारे पुष्कळ आहेत; बिग मफ या पेडलमध्ये तर तिन्ही पॉट १०० के लिनियर असतात आणि कुणाचं काही अडत नाही.

सोल्डर करण्याआधी पॉट मध्यावर ठेवून मल्टीमीटर लावा. दांडा आपल्याकडे, लग (तारा जोडायचे पाय) खाली. डावा आणि मधला यांच्यात ५०० केचा बी सुमारे २५० के दाखवेल, ए ५० ते ७५, सी ४२५ ते ४५०. वीस टक्के इकडेतिकडे झालं तर घाबरू नका. छापील अक्षरावर मात्र विसंबू नका. जुन्या युरोपीय पॉटवर ए म्हणजे लिनियर असू शकतो.

सी शोधायला वेळ लागतो, आणि हवा तो आकडा हव्या त्या आकारात मिळेलच असं नाही. घाई असेल आणि गेन कायम पूर्ण उघडाच ठेवत असाल, तर बी लावून मोकळे व्हा, खरंच. मी थांबलो. मिळाला तो सी ६.३५ मिलिमीटरच्या दांड्याचा निघाला आणि माझे नॉब ६ मिलिमीटरचे, म्हणून त्या पेडलवर आता दोन काळे नॉब आहेत आणि एक क्रीम रंगाचा.