स्विफ्टला ३० मिमी लोअरिंग स्प्रिंग: वस्तू चांगली, पण अलाइनमेंटचा खर्च धरूनच घ्या

निकाल आधी. स्विफ्टसारख्या हॅचबॅकला ३० मिमी खाली बसवणारा तयार स्प्रिंग सेट चांगली वस्तू आहे, पण तो एकटा घेण्यात अर्थ नाही. कॅम्बर (चाकाचा उभा कल) फिरवता येणाऱ्या कॅम्बर बोल्टची जोडी, सेटसोबत सांगितलेल्या मापाचे बंपस्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की टेकणारी रबरं) आणि दोन वेळचं अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं, धरूनच हिशेब करा. नुसते स्प्रिंग टाकून गाडी घरी नेली तर हौसेचं बिल टायर भरतात, तेही आतल्या कडेने, जिथे वाकून बघितल्याशिवाय काही दिसत नाही.

पुढच्या चाकाला मॅकफर्सन स्ट्रट आहे. वर स्ट्रट, खाली लोअर आर्म आणि चाक वळवायला स्टिअरिंगच्या रॅकमधून येणारा टायरॉड. बॉडी ३० मिमी खाली आली की आर्म आणि टायरॉड या दोघांची बाहेरची टोकं बॉडीच्या मानाने तेवढीच वर जातात. दोघेही कमानीत फिरतात, पण दोघांची लांबी वेगळी आणि फिरण्याचा मध्यही वेगळा. त्यामुळे नकलची (चाक धरणाऱ्या भागाची) टायरॉडकडची बाजू थोडी आत ओढली जाते किंवा बाहेर ढकलली जाते, आणि टो (वरून पाहिलं तर चाक आत-बाहेर किती वळलंय ते) बिघडतो. आत की बाहेर, हे रॅक ॲक्सलच्या पुढे आहे की मागे आणि किती उंचीवर आहे त्यावर ठरतं. म्हणून मित्राच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका.

कॅम्बरचं तसं सरळ आहे. आर्म खाली झुकलेला असतो तोवर आडवा होता होता तो चाकाचा खालचा भाग बाहेर ढकलतो आणि कॅम्बर निगेटिव्हकडे, म्हणजे चाकाचं वरचं टोक आत, जातो. ३० मिमीला साधारण अर्धा ते एक अंश. आर्म आडव्याच्या पलीकडे वर जाऊ लागला की हा फायदा आटतो आणि पुढे उलटतो. रोल सेंटरही (वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं, त्यामुळे ५० मिमी बसवलेली गाडी वळणावर कलायला उलट जास्त बघते. ती स्थिर वाटते ते स्प्रिंग कडक असतात म्हणून. आम्ही ३० वर थांबायला सांगतो त्याचं अर्धं कारण हेच.

टायर खातो तो मुख्यतः टो. कॅम्बरला उगाच शिव्या बसतात. १८५/६५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ६२२ मिमी. एका चाकाचा टो या व्यासावर १.५ मिमीने चुकला, तर गाडी एक किलोमीटर जाईपर्यंत ते चाक जवळजवळ २.४ मीटर आडवं घासतं. बेळगाव ते निपाणी जाऊन येण्यात हे किती होतं, तुम्हीच गुणून बघा. ओळखायची खूण सोपी आहे. ट्रेडवरून तळहात आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं टोचलं तर टो गेलाय. टोचत नाही, पण आतली कड सरळ झिजली आहे, तर कॅम्बर बघा.

मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा, आहे. तिथले कोन खाली बसवल्याने फारसे हलत नाहीत आणि ते फिरवायला बोल्टही नाही. तरी मागचं रीडिंग घ्यायचंच. बीम आधीच कुठे खड्ड्यात आपटून वाकला असेल तर पुढचा टो कितीही नीट केला तरी स्टिअरिंग वाकडं राहू शकतं. पुढून मागच्यापेक्षा १० मिमी जास्त खाली घेतलं तर २४५० मिमी व्हीलबेसवर कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल) सुमारे पाव अंशाने कमी होतो आणि स्टिअरिंग वळणातून परत येताना थोडं आळशी वाटतं. तेव्हा पुढे-मागे सारखं खाली येणारा सेट निवडा.

फिटिंगमध्ये एक चूक फार ठिकाणी दिसते. लोअर आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असतानाच कसले जातात. आर्मच्या सांध्यातल्या बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं, ते त्याच स्थितीत धरलं जातं आणि गाडी खाली येताच पिळून बसतं. मग उंची थोडी चुकीची दिसते आणि बुश लवकर फाटतं. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उभी करा, पुढे-मागे दाबून उसळवा आणि मगच टॉर्क रेंचने कसा. काम सुरू होण्याआधी हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही चाकांची मापं टेपने घेऊन कागदावर लिहा. डाव्या-उजव्यात ५ मिमीपेक्षा जास्त फरक निघाला तर स्प्रिंगचं टोक पॅडमध्ये नीट बसलेलं नाही असं धरून आधी तेच बघा.

आता अलाइनमेंटची सेवा. थ्रीडी मशीन खानापूर रोडपासून चिकोडीपर्यंत बघायला मिळतं, फरक पडतो तो माणसाने. सर्वसाधारण काम म्हणजे मशीनच्या पडद्यावर टो हिरव्यात आणायचा आणि गाडी सोडायची. हिरवा पट्टा रुंद असतो आणि त्याच्या काठावरचं रीडिंगही हिरवंच दिसतं. टो मधल्या आकड्यावर आणि दोन्ही बाजूंना सारखा करून मागा. सुरुवातीला हवा, मग बॉलजॉइंट आणि टायरॉड एंडचा प्ले (सैलपणा). प्ले असताना केलेलं अलाइनमेंट गेटबाहेर पडेपर्यंतच टिकतं. त्यानंतर मागचं रीडिंग, पुढचा कॅम्बर आणि सगळ्यात शेवटी टो. हा क्रम उलटला की कॅम्बर हलवताना टो पुन्हा बिघडतो.

कॅम्बर लाल दिसला की बहुतेक जण सांगतात, 'सर, ॲडजस्ट होत नाही.' कंपनीच्या बोल्टवर खरंच होत नाही. पण स्विफ्टचा स्ट्रट नकलला दोन बोल्टने धरलेला असतो, त्यातला एक काढून एक्सेंट्रिक कॅम्बर बोल्ट बसवला की एखाद-दीड अंश मिळतो. ज्या गाड्यांत स्ट्रटची नळी नकलच्या पकडीत असते तिथे हा उपाय चालत नाही. काही ठिकाणी हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रटच वाकवून कॅम्बर 'काढून' देतात. साफ नको म्हणा. वाकलेल्या नळीत शॉकअपचा रॉड तिरका घासतो आणि सील गळायला लागतं.

स्प्रिंग बसवल्या दिवशी पहिलं अलाइनमेंट, आणि ३०० किलोमीटरनंतर स्प्रिंग बसले की दुसरं. दोन्हीचे प्रिंट मागून घ्या. 'सेव्ह झालंय' हे उत्तर पुरेसं नाही. इलेक्ट्रिक स्टिअरिंग असेल तर शेवटी अँगल सेन्सर शून्यावर आणला का, तेही विचारा.

बेळगावच्या रस्त्यांचं काय? स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी, ३० गेले की १३३ उरतात, तेही रिकाम्या गाडीचे. नियमातला गोल हंप ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा असतो. व्हीलबेसच्या मध्यावर तो फक्त ४४ मिमी खातो, त्याची चिंता नाही. चिंता आहे ती गावकऱ्यांनी डांबर ओतून केलेल्या अरुंद हंपची. तो दोन चाकांच्या मध्ये पूर्ण उंचीनिशी येतो. चार माणसं बसवून १५ सेंटिमीटरच्या अशा हंपवरून गेलात की पोट घासणारच, तिरकी घेतली तरी. खानापूर-जांबोटी पट्ट्यात पावसाळ्यानंतरचे खड्डे आणि चोर्ला घाटातल्या तुटलेल्या कडा वेगळ्याच. रोजचं येणं-जाणं त्या बाजूला असेल तर २० मिमी सुद्धा विचार करून. फक्त शहर आणि पुणे-बेंगळुरू हायवे असेल तर ३० खपून जातं.

गॅस कटरने स्प्रिंग कापणं हा पर्याय किमतीला फुकट आणि बाकी सगळ्याला महाग. उष्णतेने त्या जागची ताकद जाते आणि जॅकवर गाडी उचलली की सैल स्प्रिंग जागेवरून सरकते. उद्यमबागेत लेथवर काय वाट्टेल ते करून मिळतं, पण स्प्रिंग त्या यादीत धरू नका. कॉइलओव्हरला (थ्रेडवर बसणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच) उंची फिरवता येते हे खरं, मात्र दर वेळी उंची बदलली की अलाइनमेंट पुन्हा, आणि आपल्याकडच्या धुळीत-चिखलात थ्रेडला ग्रीस लावत राहावं लागतं.

कागदपत्रांचं एक: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांना लागू होतं, आणि वॉरंटीतल्या गाडीच्या सस्पेन्शनचा दावा कंपनी नाकारू शकते. मूळ स्प्रिंग विकू नका, पोत्यात घालून माळ्यावर ठेवा.