तीन मानकं आणि एक छोटी संस्था: घरोघरी स्वयंसेवक पाठवणाऱ्यांनी काय निवडावं?

ब्रिटनमध्ये एखाद्या छोट्या कुटुंब-आधार संस्थेचे विश्वस्त झालात की वर्षभरात हा विषय बैठकीत येतोच: आपल्याकडे गुणवत्तेचं कुठलं प्रमाणपत्र आहे? निधी देणारे विचारतात, कौन्सिल विचारते. मग 'जरा बघून सांगा' म्हणून काम कुणाच्या तरी गळ्यात पडतं. हिशेब चांगले ठेवतो म्हणून मंडळावर घेतलेला मराठी माणूस यात हमखास सापडतो. हा आढावा त्याच्यासाठी.

पर्याय मुख्यतः तीन. एक, लहान मुलांच्या घरी स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थांच्या होम-स्टार्ट या जाळ्याची स्वतःची गुणवत्ता-पद्धत. दोन, 'इन्व्हेस्टिंग इन व्हॉलंटिअर्स', म्हणजे स्वयंसेवकांना कसं सांभाळता याचं मानक. तीन, 'ट्रस्टेड चॅरिटी', म्हणजे संस्थेच्या एकूण कारभाराचं मानक, ज्याला जुनी मंडळी अजून पीक्वासो या आधीच्या नावाने ओळखतात. तिन्हींची माहितीपत्रकं वाचली तर सगळं एकसारखंच वाटतं, कारण धोरण, प्रशिक्षण, आढावा, सुधारणा हे शब्द सगळीकडे आहेत. फरक कळतो तो एखादा प्रसंग त्यांच्यापुढे ठेवल्यावर.

समजा, तुमची स्वयंसेविका दर मंगळवारी दोन तास एका घरी जाते. आई एकटी, जुळी मुलं, त्यात थोरला तीन वर्षांचा. एका मंगळवारी थोरल्याच्या दंडावर तिला वळ दिसतात. आई म्हणते, पडला. स्वयंसेविका घरी परतते आणि विचार करत बसते.

होम-स्टार्टची पद्धत थेट या मंगळवारात शिरते. १९७३ मध्ये लेस्टरला मार्गारेट हॅरिसन यांनी हे काम सुरू केलं तेव्हापासून त्याचा गाभा हाच आहे: लहान मूल असलेल्या घरी, मुलं वाढवण्याचा अनुभव असलेली एक साधी व्यक्ती नियमित जाते आणि तिच्या पाठीशी पगारी समन्वयक असते. त्यामुळे इथे विचारलं जातं ते असं. घरी पहिली भेट समन्वयकाने स्वतः दिली होती का? या स्वयंसेविकेची जोडी याच कुटुंबाशी का लावली? तिने तयारीचा वर्ग पूर्ण केला होता का? वळ दिसल्यावर फोन कुणाला करायचा हे तिला ठाऊक होतं का, तिने केला का, आणि समन्वयकाने त्याच दिवशी नोंद करून पुढे काय केलं? तिच्याशी ठरावीक काळाने देखरेखीची बैठक होते का, की नुसतं 'कसं चाललंय' एवढंच?

इन्व्हेस्टिंग इन व्हॉलंटिअर्स त्याच मंगळवारकडे स्वयंसेविकेच्या बाजूने पाहतं. २०२१ मध्ये सुधारलेल्या या मानकाचे सहा भाग आहेत: स्वयंसेवेमागची दृष्टी, नियोजन, सर्वांना सामावून घेणं, भरती व स्वागत, पाठबळ, आणि कदर व विकास. मूल्यांकन करणारे फायली पाहतात, पण स्वयंसेवकांशी स्वतंत्रपणे बोलतातही, आणि मला हेच या मानकाचं खरं बळ वाटतं. त्या रात्री तुम्हाला एकटं वाटलं का, कुणी ऐकून घेतलं का, प्रवासखर्च वेळेवर मिळतो का, या प्रश्नांची उत्तरं धोरणाच्या कागदात नसतात. मात्र त्या घरातल्या आईला काय वाटलं, हे या मानकाचं क्षेत्रच नाही. वाचनालय असो, संग्रहालय असो किंवा तुमची संस्था, मानक सगळ्यांना तेच.

ट्रस्टेड चॅरिटी आणखी वरून पाहतं. मुळात हे मानक चॅरिटीज इव्हॅल्युएशन सर्व्हिसेस या संस्थेने १९९७ मध्ये छोट्या संस्थांसाठी तयार केलं. कारभार, नियोजन, नेतृत्व, पैसा, माणसं, साधनं, इतरांशी काम, परिणामांचं मोजमाप असे अकरा विभाग. आपल्या मंगळवारबद्दल ते विचारेल: बालसुरक्षेचं धोरण आहे का, मंडळाने ते शेवटचं कधी तपासलं, जोखमींच्या यादीत हे आहे का, विश्वस्तांपैकी जबाबदार कोण? हे प्रश्न फालतू नाहीत. छोट्या संस्था अनेकदा बुडतात त्या मंडळ झोपल्यामुळे. पण स्वयंसेविकेने फोन केला की नाही, हे या उंचीवरून दिसत नाही.

खर्च आणि कटकट याबाबत थोडक्यात. ट्रस्टेड चॅरिटीची स्वयंमूल्यमापनाची वाट बाहेरचा परीक्षक न बोलावताही चालता येते. मंडळाच्या दोन-चार बैठका त्यात गेल्या तरी फायदाच आहे. बाहेरून मूल्यांकन करून मिळणारं चिन्ह या मानकात आणि इन्व्हेस्टिंग इन व्हॉलंटिअर्समध्येही तीन वर्षं टिकतं, नंतर पुन्हा तयारी. होम-स्टार्टचं गणित वेगळं. ते सुटं विकत मिळत नाही. स्थानिक होम-स्टार्ट ही स्वतंत्र नोंदणीची संस्था असते, पण नाव वापरायचं तर मध्यवर्ती संस्थेशी करार आणि तिची कार्यपद्धती आली. म्हणजे तिथे निवड मानकाची नसून जाळ्यात जायचं की नाही याची आहे, आणि कामाची पद्धत स्वतःची ठेवायची असेल तर हा दरवाजा बंदच समजा.

प्रमाणपत्र दाखवताना फार छाती फुगवू नये याचं एक कारण आहे. होम-स्टार्टवरचा एक मोठा अभ्यास २००४ मध्ये जोसेफ राउंट्री फाउंडेशन या ब्रिटनमधल्या सामाजिक संशोधन संस्थेने प्रसिद्ध केला. स्वयंसेवक मिळालेल्या आया आणि न मिळालेल्या आया यांची साधारण वर्षभराच्या अंतराने तुलना केली. दोन्ही गटांची स्थिती सुधारली होती, आणि दोहोंत ठळक फरक सापडला नाही. तरीही ज्यांच्या घरी स्वयंसेविका जात होती त्यांच्यापैकी बहुतेकींना ते येणं मोलाचं वाटलं. नेदरलँड्समधल्या होम-स्टार्टवरच्या अभ्यासांत मात्र आयांची मनःस्थिती आणि मुलांशी वागणं सुधारल्याचं दिसलं. म्हणजे काम नीट चालतं का, हे मानक सांगू शकतं. त्याने कुटुंबाचं भलं झालं का, हे वेगळं मोजावं लागतं, आणि तिघांपैकी कुठलंही चिन्ह ते तुमच्यासाठी मोजून देत नाही. कौन्सिलच्या निविदेत हे दोन मुद्दे एकमेकांत मिसळू नका. वाचणाऱ्याला लगेच कळतं.

माझं मत विचाराल तर लहान मुलांच्या घरी माणसं पाठवणाऱ्या संस्थेसाठी होम-स्टार्टसारखी कामाच्या आत शिरणारी पद्धत सर्वांत उपयोगी. आधीच त्या जाळ्यात असाल तर लगेच दुसरं चिन्ह मिळवायला धावू नका. स्वयंसेवक तीन-चार महिन्यांत गळत असतील तर मात्र इन्व्हेस्टिंग इन व्हॉलंटिअर्स पुढचं पाऊल, कारण गळतीचं कारण समन्वयकापेक्षा सोडून जाणाऱ्याला जास्त माहीत असतं. मंडळाच्या बैठकांना कोरम जमत नसेल, राखीव निधी किती ठेवायचा हेच ठरलेलं नसेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून ट्रस्टेड चॅरिटीचं स्वयंमूल्यमापन आधी. आणि घरी जाणाऱ्यांची डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी पडताळणी, ही कुठल्याही मानकाची वाट पाहत थांबवायची गोष्ट नव्हे. स्वयंसेवकांसाठी तिचं सरकारी शुल्कही लागत नाही.

पुण्या-नाशकात असं काही सुरू करायचं मनात असेल तर इथली प्रमाणपत्रं तिथे कामाची नाहीत. महाराष्ट्रात न्यास म्हणून नोंदणी केली की १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, धर्मादाय आयुक्त आणि लेखापरीक्षण हे येतंच. त्यावर क्रेडिबिलिटी अलायन्स या भारतातल्या स्वयंसेवी संस्थांच्या मंचाचे किमान निकष घेता येतात, पण त्यांचा भर कारभार आणि पारदर्शकतेवर, म्हणजे स्वभावाने ते ट्रस्टेड चॅरिटीच्या जवळचे. मंगळवारच्या भेटीसाठीचे नियम मात्र स्वतःच लिहावे लागतील: पहिली भेट कोण देणार, स्वयंसेवकाने पैसे उसने द्यायचे का, मुलांना एकट्याने सांभाळायचं का, काही खटकलं तर रात्री नऊ वाजता फोन कुणाचा लागेल, आणि भेटी थांबवायच्या कधी. दोन पानांत मावतात. पहिला स्वयंसेवक कुणाच्या दारात उभा राहण्याआधी ती लिहून, मंडळात मंजूर करून घ्यावीत.