लंडन–मुंबई, चार रात्री आणि दोन मुलं : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

ऑक्टोबरात दिवाळीला घरी जायचं ठरलं, तेव्हा मी महिनाभर रोज रात्री फोनवर वस्तू शोधत बसायचे. लेक साडेतीन वर्षांची, धाकटा सव्वा वर्षाचा आणि हीथ्रोहून रात्रीचं विमान, जवळजवळ नऊ तासांचं. नोव्हेंबरात परत आलो, एप्रिलमध्ये भाच्याच्या मुंजीला पुन्हा गेलो, मेमध्ये परतलो. चारही प्रवास रात्रीचे. विकत घेण्याआधी मला एकच गोष्ट कळायला हवी होती आणि तीच कुणी लिहीत नव्हतं : केबिनमधले दिवे मालवलेत, एक मूल मांडीवर झोपलंय, अशा वेळी ही वस्तू एका हाताने वापरता येते का?

सगळ्यात मोलाचा ठरला तो केअर्सचा पट्टा. मुलाच्या छातीवरून आणि खांद्यांवरून येणारा हा पट्टा विमानाच्याच सीटला लावायचा असतो. वजन अर्ध्या किलोहून कमी, घडी केली की पर्सच्या कप्प्यात मावतो. अमेरिकेच्या एफएएची, म्हणजे तिथल्या विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची, त्याला मान्यता आहे. मर्यादा मात्र नीट वाचा : मुलाचं वजन 10 ते 20 किलो आणि उंची साधारण 100 सेंटीमीटरपर्यंत. मला सत्तर पौंडांच्या आसपास पडला. लावायची रीत अशी की लाल पट्टा सीटच्या पाठीवरून टाकायचा आणि मागच्या प्रवाशाच्या ट्रेखालून फिरवून आवळायचा. म्हणजे मागच्या माणसाला ट्रे क्षणभर उघडायला सांगावं लागतं. विमानात शिरल्या शिरल्या, मागचे लोक स्थिरावण्याआधी हे काम उरकून घ्यायचं. नंतर सीटचा कमरेचा पट्टा खांद्यांवरच्या दोन पट्ट्यांच्या खालच्या फासांतून ओवायचा. आधी कमरेचा घट्ट करायचा, मग खांद्यांचे ओढायचे. पहिल्या वेळी मी उलट केलं आणि झोपेत लेक खाली घसरत राहिली. दुसऱ्या वेळेपासून ती ताठ बसून झोपली. मान कलली तर कलली, पण हवेच्या धक्क्यांत तिला धरून ठेवायला माझा हात लागला नाही आणि तो धाकट्यासाठी मोकळा राहिला. आमच्या विमान कंपनीला मी आधी ईमेल करून विचारलं होतं आणि त्यांचा होकार छापून जवळ ठेवला होता. एकदा तो कागद दाखवावा लागला.

याउलट पायांसमोरच्या जागेत ठेवायची फुगवायची उशी. मूल पाय पसरून झोपेल म्हणून घेतली. पहिल्याच रात्री हवाई सुंदरीने नम्रपणे सांगितलं की ही चालणार नाही. परतीच्या विमानात खिडकीच्या सीटवर चालली, तीही उड्डाण आणि उतरणं सोडून. बऱ्याच कंपन्यांत ती मुळीच चालत नाही, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नका. फुगवायला सात-आठ मिनिटं लागतात आणि दोन्ही हात लागतात. मी ती विमान वर चढत असतानाच टम्म फुगवली आणि थोड्या वेळात ती दगडासारखी कडक झाली. कारण साधं आहे. उंचीवर केबिनमधला हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, साधारण सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा तितका. त्यामुळे आतली हवा पसरते. फुगवायचीच असेल तर विमान वर स्थिर झाल्यावर, तीही थोडी ढिली ठेवून फुगवा.

हाच दाब पाण्याच्या बाटलीतही दगा देतो. मुलांच्या नळीच्या बाटलीचं झाकण वर उघडलं की नळीतून पाण्याची पिचकारी उडते. आमच्याकडे ती पुढच्या सीटवरच्या आजोबांच्या मानेवर उडाली. त्या बिचाऱ्यांनी रुमालाने पुसून हसून घेतलं, पण मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी वर गेल्यावर आधी मोठं झाकण किंचित सैल करते, आतली हवा निघू देते, मगच नळी उघडते.

कानांबद्दलही आयांनो लक्ष द्या. मुलाला खरा त्रास होतो तो विमान खाली येताना, आणि ते उतरण्याच्या अर्धा तास आधीपासून खाली यायला लागतं. गिळलं की कानातली नळी उघडते. पहिल्या प्रवासात मी धाकट्याला दूध फार लवकर पाजलं. मुंबई दिसायला लागली तेव्हा बाटली रिकामी होती आणि तो कान धरून रडत होता. आता एक बाटली फक्त त्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवते. झोपलेला असला तरी त्याला हलकेच उठवते.

धाकट्याला बेसिनेट, म्हणजे विमानात समोरच्या भिंतीला लावतात तो छोटा पाळणा, मिळालं होतं. 11 किलोची मर्यादा होती आणि त्याचं वजन 10, पण पाय बाहेर येत होते आणि पट्टे बांधायच्या सूचनेचा दिवा लागला की त्याला उचलावंच लागायचं. त्यापेक्षा पुढे बांधायची कापडी झोळी शंभर पटीने बरी. विमानतळावर हात मोकळे, रात्री फेऱ्या मारताना कमरेवर भार, आणि तो छातीशी दहा मिनिटांत झोपतो. फक्त उड्डाण आणि उतरताना झोळी सोडून त्याला विमानातल्या जोडपट्ट्याने (आपल्या पट्ट्यात अडकवायच्या लहान पट्ट्याने) मांडीवर बांधावं लागतं. बकल पाठीमागे असलेली झोळी घेऊ नका, सीटवर बसल्या बसल्या ते सुटत नाही.

आणि आता ज्याला एक पैसा पडला नाही ते. आईने तिच्या जुन्या सुती साडीचं चौपदरी दुपटं शिवून पाठवलं होतं. प्रवासाआधी आठवडाभर ते मुलांच्या अंथरुणातच ठेवलं, धुतलं नाही. विमानातल्या त्या कोरड्या, थंड हवेत, अनोळखी वासात लेकीने ते नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. मी तिच्याकडे बघत राहिले. परतताना आईने दुधात कणीक भिजवून केलेल्या गुळाच्या दशम्या दिल्या होत्या. मऊ, चुरा न पडणाऱ्या, हाताला न चिकटणाऱ्या. जेवणाची गाडी येईपर्यंत भुकेलं मूल थांबत नाही, तेव्हा दशमीचा तुकडा अंधारातही देता येतो.

बारीकसारीक : एक नॅपी, चार ओले टिश्यू, एक रिकामी पिशवी आणि एक जोडी कपडे अशी एकेक पुडी बांधून ठेवा. शौचालयातली ती घडीची फळी एवढी लहान असते की मोठी बॅग नेऊन काहीच साधत नाही. कॉलरला अडकवायचा लाल उजेडाचा छोटा दिवा घ्या, शेजारी जागे होत नाहीत. हेडफोन वायरचाच घ्या. घडीची बाबागाडी एकदा विमानाच्या दारात मिळेल म्हणून सांगितलं होतं, ती आली थेट सामानाच्या पट्ट्यावर, आणि तोवर पाऊण तास दोघंही कडेवर.

मेमध्ये लेकीची उंची 101 सेंटीमीटर भरली. तिचा पट्टा संपला. येत्या डिसेंबरात धाकटा दोन वर्षांवर गेलेला असेल, पहिल्यांदा स्वतःच्या सीटवर बसेल. परवा दिवाणखान्यातल्या खुर्चीला तो पट्टा बांधून त्याला बसवून बघितलं. लेकीने स्वतः छातीवरचं बकल लावून दिलं आणि दुपटं त्याच्या मांडीवर ठेवलं.