क्यूजीआयएस: सॉफ्टवेअर चांगलं, त्याची माणसं त्याहून चांगली

सिव्हिल ड्राफ्ट्समनचा ट्रेड केलेल्या मुली मला वरचेवर विचारतात, ताई, क्यूजीआयएस हे नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर शिकावं का? माझं उत्तर, नक्की शिका. पण नुसतं डाउनलोड करून एकटीनं बसू नका.

आयटीआयनंतर मी नागपूरच्या धरमपेठेतल्या एका ऑफिसात बरीच वर्षं ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन काढली. हात बसला होता, पण पगार तिथंच आणि पुढची पायरी दिसेना. आज मी पाणलोटाच्या कामांसाठी गावांचे नकाशे करते. हा पल्ला मी क्यूजीआयएसवर गाठला, म्हणून हा अभिप्राय.

गॅरी शेरमन यांनी 2002 मध्ये याचं काम सुरू केलं, 1.0 आवृत्ती 2009 मध्ये आली. लायसन्सचे पैसे नाहीत, साध्या लॅपटॉपवर चालतं. नागपुरात तर हे शिकायला कारणंही भरपूर आहेत. व्हीएनआयटीच्या आवारात एमआरसॅक, म्हणजे राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्र, अमरावती रोडला मृदा सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्यूरो, शिवाय इस्रोचं प्रादेशिक केंद्र. नकाशांवर चालणारी इतकी कार्यालयं आपल्याच शहरात आहेत, हे मला ऑटोकॅडवर असताना माहीतसुद्धा नव्हतं.

सुरुवातीला मी एका खासगी क्लासची फी भरली. तिथं कोणतं बटण कुठं ते दाखवलं. कोऑर्डिनेट सिस्टिम, म्हणजे जागेचं स्थान आकड्यांत मांडायची पद्धत, कशासाठी बदलायची, हे कुणी सांगितलं नाही. ते मला कळलं जीआयएस स्टॅक एक्सचेंज या नकाशाकामाच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर.

झालं असं, की एका वावराचे धुरे मी सॅटेलाइट चित्रावरून काढले आणि क्षेत्रफळ मोजलं. सातबाऱ्यावर एक हेक्टर, माझ्या तक्त्यात 0.00000087. तिथं प्रश्न टाकला, तर उत्तराआधी मलाच तीन प्रश्न आले: आवृत्ती कोणती, लेयरची, म्हणजे नकाशाच्या थराची, कोऑर्डिनेट सिस्टिम कोणती, कोणतं फंक्शन वापरलं? हे तिन्ही लिहून काढताना निम्मं कोडं सुटलं. लेयर होता ईपीएसजी 4326 या क्रमांकाच्या सिस्टिममध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या अंशांत, आणि साधं एरिया फंक्शन लेयरच्याच एककात मोजतं. आकडा चौरस अंशांत येत होता. लेयर मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम सिस्टिमच्या झोन 44 मध्ये, म्हणजे ईपीएसजी 32644 मध्ये आणला आणि आकडा सातबाऱ्याला जुळला. दुसऱ्या एकानं खाली जोडलं, की 78 अंश रेखांशावर झोन बदलतो, तेव्हा नागपूर 44 मध्ये आणि अमरावती शहर 43 मध्ये. आपल्या विदर्भाच्या मधून ही रेघ जाते! दोन्हीकडची गावं एकाच कामात असली, की ती टीप आजही उपयोगी पडते.

टेलिग्रामवरच्या एका जीआयएस गटानं याहून मोठं काम केलं. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन वस्त्यांत पाणी शिरलं, त्यानंतर मी 30 मीटरच्या मोफत उंचीच्या डेटावरून नाग नदीकाठच्या सखल भागांचा नकाशा केला आणि गटात टाकला. वाहवा थोडी झाली, पण एका अनुभवी काकांनी नेमकं बोट ठेवलं: हा डेटा उपग्रहाला दिसलेल्या पृष्ठभागाचा आहे, त्यात इमारतींची छतंही मिसळलेली असतात, आणि 30 मीटरच्या एका चौकोनात आख्खी गल्ली मावते. त्यावरून घराघरातल्या पाण्याची उंची सांगता येत नाही, फक्त ढोबळ उतार सांगा. मी नकाशाची सूची तशी बदलली. पुढे वर्ध्याच्या एका ताईंनी तोच नकाशा आणि त्याखालची चर्चा वाचून मला पहिलं काम दिलं. त्या म्हणाल्या, नकाशे बरेच जण पाठवतात, तो कुठवर खरा आहे हे तुम्ही त्यावरच लिहिलंत.

आता मीही गटात उत्तरं देते, मुख्यतः प्रिंट लेआउटबद्दल. रेषेची जाडी, सूचीची मांडणी, स्केल बार, उत्तर दिशेचा बाण, यात ड्राफ्ट्समनचा हात लगेच ओळखू येतो. जुनी विद्या वाया जाते ही भीती मनातून काढून टाका.

तक्रारीही आहेत. ऑटोकॅडच्या नवीन आवृत्तीतली डीडब्ल्यूजी फाइल बरेचदा उघडत नाही. आधी ती डीएक्सएफ या दुसऱ्या प्रकारात करून घ्या. मोठ्या रास्टरवर, म्हणजे छोट्या चौकोनांनी बनलेल्या चित्रावर, काम करताना कधीकधी प्रोग्रॅम बंद पडतो, म्हणून सेव्ह करत राहा. शेपफाइल या नकाशाच्या फाइल प्रकारात कॉलमचं नाव दहा अक्षरांवर कापलं जातं आणि मराठी गावांच्या नावांची प्रश्नचिन्हंही होऊ शकतात. त्याऐवजी जिओपॅकेज हा फाइल प्रकार वापरला तर दोन्ही त्रास वाचतात. गटांमध्ये बोलणं बहुतेक इंग्रजीत चालतं, त्याचं दडपण मला फार आलं होतं. पण तुटक इंग्रजीतला प्रश्नही स्क्रीनशॉट, आवृत्ती आणि काय करून पाहिलं एवढं सोबत असलं की कुणीतरी उचलतंच.

मी पाचपैकी साडेचार देईन. नवीन असाल तर लाँग टर्म रिलीज, म्हणजे जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी स्थिर आवृत्ती, घ्या आणि आपल्याच गावाची शीव, नाले, पांदण रस्ते काढायला बसा. अडाल तिथला पहिला प्रश्न त्याच दिवशी विचारा.