जुळे सोलापुरातली विज्ञानाची शिकवणी: एका जॉबरचा अनुभव

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी पॉवरलूमवर जॉबर आहे, म्हणजे माग लावून देणारा, दुरुस्त करणारा. टॉवेलचे माग. मुलगी यंदा नववीला. विज्ञानाचा पहिलाच धडा ‘गतीचे नियम’, आणि ती तिथंच अडली. म्हणून जुळे सोलापुरात एक निवृत्त मॅडम घरी शिकवणी घेतात, तिथं घातली. आठच पोरं, महिना सातशे रुपये.

पहिल्या दिवशी मीही मागं बसलो होतो. काय काम करता, असं मॅडमनी विचारलं आणि लगेच पुढचा प्रश्न, “शटल या पेटीतून सुटलं की त्या पेटीत पोचेपर्यंत त्याला कोण ढकलतं?” शटल म्हणजे आडवं सूत घेऊन मागाच्या एका टोकाच्या पेटीतून दुसऱ्या टोकाच्या पेटीत धावणारा धोटा. मी म्हटलं, “माराचा जोर.” पंचवीस वर्षं मी हेच धरून चाललो होतो.

“मार पेटीतच संपला,” मॅडम म्हणाल्या. “शटलला मार देणारा ठोकळा, म्हणजे पिकर, सुटला की पुढं ढकलणारं कुणी नाही. मिळालेला वेग तेवढा शटलपाशी राहतो. घर्षण आणि सुताची ओढ तो थोडा खातात, उरलेला पलीकडच्या पेटीतली पट्टी दाबून संपवते.” म्हणजे चालत राहायला बल लागत नाही, वेग बदलायला लागतं. सुतानं भरल्या कांडीचं शटल जड, त्याला तोच वेग द्यायचा तर जास्त बल. आणि पिकर शटलला जेवढ्या बलानं मारतो तेवढ्याच बलानं शटल पिकरला मारतं. पिकरला खड्डा का पडतो ते मला त्या दिवशी नीट कळलं.

नंतरचा प्रयोग मुलगी अजून सांगते. टेबलावर दोन किलोची चाकाची गाडी, तिला ताणकाटा लावलेला. काटा 1 न्यूटनवर स्थिर धरून ओढायचं. पोरांना जमेना, कारण काटा स्थिर ठेवायचा तर हात सारखा जास्त जास्त वेगानं पळवावा लागतो! गाडीनं एक मीटर साधारण 2 सेकंदांत कापलं. मग 2 न्यूटन. सगळे म्हणाले, आता 1 सेकंद लागेल. लागले सुमारे 1.4. त्वरण दुप्पट झालं तरी वेळ निम्मा होत नाही, त्याला चौपट बल लागतं. हे मॅडमनी आधी सांगितलं नाही, पोरांकडूनच मांडून घेतलं.

उणीव सांगायलाच हवी. गणितं फार कमी सोडवून घेतात. परीक्षेच्या तोंडावर मला वेगळा गणितसंच आणावा लागला. खोली पत्र्याची आहे, एप्रिलमध्ये चारनंतर पोरं बसू शकत नाहीत. वेळ सकाळची करा असं मी सांगितलंय, अजून केली नाही. पोर्शन भराभर संपवून हवा असेल, तर ही जागा तुमची नाही. एका गाडीवर तीन दिवस जातात.

धाकट्याचं नाव मी पुढच्या वर्षासाठी आत्ताच देऊन ठेवलंय.