पहिल्या फेरीत नंबरच नाही, मग मॉक ड्राफ्ट सिम्युलेटरवर पैसे घालावेत का?

मगरपट्ट्यात आमच्या ऑफिसात अमेरिकन शिफ्टला बसणाऱ्यांमध्ये एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघणारे आता बरेच झालेत. ड्राफ्ट जवळ आला की त्यातलं कोणीतरी विचारतंच, "मॅडम, तुम्ही पैसे भरून घेतलेला तो सिम्युलेटर कसा आहे?" कामाच्या गडबडीत नीट सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. साइटचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. शिवाय असे चार-पाच सिम्युलेटर आहेत आणि ते साधारण एकाच धर्तीवर चालतात.

मी ग्रीन बे पॅकर्स या विस्कॉन्सिनच्या संघाची चाहती. आमचा क्लायंट विस्कॉन्सिनचा, तिथल्या लोकांमुळे ओढ लागली. हा संघ कुणा अब्जाधीशाचा नाही, सामान्य भागधारकांचा आहे आणि लीगमध्ये असा दुसरा संघ नाही, हे कळल्यावर ती पक्की झाली.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: ड्राफ्टमध्ये आयपीएलसारखी बोली लागत नाही. कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू ३२ संघ सात फेऱ्यांत आळीपाळीने उचलतात आणि आदल्या मोसमात जो तळाला राहिला त्याचा नंबर आधी. २०२५ मध्ये असे २५७ खेळाडू घेतले गेले. सिम्युलेटरमध्ये तुम्ही एक संघ निवडायचा, बाकीचे ३१ कॉम्प्युटर चालवतो. डावीकडे नावं सरकत जातात, तुमचा नंबर आला की यादी थांबते, उरलेल्यांतून एकावर क्लिक करायचं.

खरा उपयोग या थांबण्यात आहे. इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडच्या वेळी आईबाप गेल्या वर्षीचे कटऑफ पुढ्यात घेऊन सीओईपी मिळेल की नाही याचा अंदाज बांधत बसतात, तसंच हे काम आहे. एकाच संघाकडून पुन्हा पुन्हा ड्राफ्ट चालवला की आपल्या नंबरापर्यंत कोण बहुतेक वेळा उरतो आणि कोण कधीच उरत नाही, ते दिसायला लागतं. एवढ्याबाबतीत मी या सिम्युलेटरवर खूश आहे. वेग कमी-जास्त करता येतो, मोबाइलवर अडकत नाही आणि एखाद्या खेळाडूला दुखापत झाली की यादीतली त्याची जागा एक-दोन दिवसांत बदललेली असते.

पण "पॅकर्स कोणाला घेतील?" असं विचारलंत, तर सिम्युलेटरला पॅकर्स कळत नाहीत.

त्याचं गणित असं: संघाची गरज आणि स्वतःच्या यादीतला खेळाडूचा क्रमांक यांची सांगड घालायची. एकदा गरज भागली की ती जागा यादीतून जवळजवळ पुसली जाते. पहिल्या फेरीत रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) घेतला की पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत तो रिसीव्हर सुचवतच नाही. ब्रायन गुटेकुन्स्ट असं वागत नाहीत. २०१८ पासून पॅकर्सचा जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडू निवडणारा प्रमुख, असलेल्या या माणसाने २०२३ मध्ये दुसऱ्या फेरीत ल्यूक मसग्रेव्ह हा टाइट एंड (समोरच्यांना अडवणारा आणि पासही झेलणारा) घेतला आणि तिसऱ्या फेरीत टकर क्राफ्ट हा आणखी एक टाइट एंड. क्राफ्ट पुढे चांगलाच चमकला. २०२५ मध्ये २३व्या नंबरावर टेक्सस विद्यापीठाचा मॅथ्यू गोल्डन आणि ८७व्या नंबरावर टीसीयूचा (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाचा) सॅव्हियन विल्यम्स, दोघेही रिसीव्हर.

गोल्डनचं तर विशेषच. २००२ मध्ये जेव्हॉन वॉकरला घेतल्यापासून पॅकर्सनी पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतलाच नव्हता, त्यामुळे ही मंडळी पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतच नाहीत, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पण संघातला रिसीव्हर ख्रिश्चन वॉटसनचा गुडघा जानेवारीत गेला होता आणि गोल्डन कंबाइनला (ड्राफ्टआधीच्या चाचण्यांना) ४० यार्ड ४.२९ सेकंदांत पळाला होता. गुटेकुन्स्ट यांच्या निवडी वर्षानुवर्षं बघणाऱ्याला तो आकडा खुणावतो. वेग, उडी, चपळाई यांच्या चाचण्यांत पुढे असलेली तरणी पोरं त्यांना आवडतात, आणि साधारण पाच फूट दहा इंचांच्या खालचा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) ते सहसा बघतही नाहीत. सिम्युलेटरमध्ये प्रत्येक नावापुढे उंची-वजन लिहिलेलं असतं, मात्र उंचीवर चाळणी लावायची सोय नाही. पैसे घेऊनही नाही! मी माझी यादी वेगळ्या एक्सेलमध्ये ठेवते, ज्यांना पॅकर्स हात लावणार नाहीत ती नावं आधीच खोडते आणि मग खेळायला बसते. अंदाज जुळायला लागतो तो या खोडाखोडीमुळे.

ट्रेडची, म्हणजे संघांशी नंबरांची अदलाबदल करायची, खिडकी हा आणखी एक कच्चा भाग. जिमी जॉन्सन डॅलस काउबॉयजचे कोच असताना तयार झालेला, प्रत्येक नंबराची किंमत गुणांत सांगणारा तो प्रसिद्ध तक्ता घ्या: पहिल्या नंबराला ३,००० गुण, ३४व्याला ५६०, ५३व्याला ३७०, ५९व्याला ३१०. २०२२ मध्ये वॉटसनसाठी गुटेकुन्स्ट यांनी ५३ आणि ५९ दिले आणि ३४ घेतला. म्हणजे ५६० च्या मालाला ६८० मोजले, तेही मिनेसोटा व्हायकिंग्ज या आपल्याच गटातल्या प्रतिस्पर्ध्याला. सिम्युलेटरमधले संघ असा जीव टाकून सौदा करत नाहीत. तक्त्यापेक्षा थोडं जास्त मिळालं की विकतात, कमी पडलं की नाही म्हणतात, आणि समोर कोण आहे याचा त्यांना फरक पडत नाही.

शेवटी मिळणाऱ्या ग्रेडकडे मात्र साफ दुर्लक्ष करा. स्वतःच्याच यादीवरून सिम्युलेटर स्वतःच मार्क देतो. ती यादी किती फसू शकते ते २०२५ मध्ये दिसलं: क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) शेडूर सँडर्स कितीतरी मॉकमध्ये (अंदाजी ड्राफ्टमध्ये) पहिल्या फेरीत होता, आणि प्रत्यक्षात क्लीव्हलँडने त्याला पाचव्या फेरीत १४४व्या नंबरावर घेतलं. त्याआधी तिसऱ्या फेरीत त्यांनी डिलन गेब्रियल हा दुसरा क्वार्टरबॅक घेऊनही झाला होता.

आता मूळ प्रश्न. ऑगस्ट २०२५ मध्ये पॅकर्सनी डॅलस काउबॉयजच्या मायका पार्सन्स या बचावपटूसाठी आपला केनी क्लार्क आणि २०२६, २०२७ या दोन्ही वर्षांचे पहिल्या फेरीतले नंबर डॅलसला दिले. माझा चुलतभाऊ डॅलसलाच असतो, पक्का काउबॉयजवाला. त्या रात्रीच त्याचा फोन आला, "ताई, तुमचे पहिले नंबर आमच्याकडे आले, आता तुम्ही ड्राफ्ट बघून काय करणार?"

माझं म्हणणं उलट आहे. पहिल्या फेरीतल्या तीसेक नावांवर अमेरिकेतला प्रत्येक पत्रकार महिनोन् महिने लिहीत असतो, ते फुकट वाचायला मिळतं. दुसऱ्या फेरीच्या मध्यापर्यंत कोण उरेल यावर नीट लिहिणारे मोजके, आणि सिम्युलेटर नेमका तिथे कामाला येतो. आमचा कॉर्नरबॅक जायर अलेक्झांडरला जून २०२५ मध्ये सोडल्यापासून कॉर्नरबॅकची जागा मला बोचते आहे. पाच फूट दहा इंचांच्या वरचे, चांगले पळणारे कॉर्नर त्या टप्प्यापर्यंत किती शिल्लक राहतात, हे एका बैठकीत समजतं. दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मला ते इतक्या पटकन कळलेलं नाही.

पैशांचं सांगते. यूपीआय चालत नाही. माझं रुपे कार्ड घेतलं नाही, परदेशी व्यवहार सुरू करून दुसरं कार्ड वापरावं लागलं, आणि बँकेने त्यावर आपला आकार लावला तो वेगळा. सदस्यत्व आपोआप पुढे चालू राहतं आणि बंद करायचं बटण खात्याच्या सेटिंग्जमध्ये पार तळाशी आहे. मी मेल केला, उत्तर यायला आठवडा गेला, आणि तोवर पुढच्या महिन्याचे पैसे कापले गेले होते. परत मिळाले नाहीत. हा प्रकार मला अजिबात पटलेला नाही.

म्हणून वर्षाचं सदस्यत्व घेऊ नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुकटची आवृत्ती पुरते, कारण फ्री एजन्सी (करार संपलेल्या खेळाडूंची खरेदी) होईपर्यंत संघांच्या गरजा बदलतच असतात. एप्रिलचा एकच महिना पैसे भरा आणि भरल्या दिवशीच ऑटो-रिन्यूअल बंद करून टाका. तुमच्या संघाला पहिल्या फेरीत वरचा नंबर असेल, तर तेवढेही भरू नका.

आणि वेळा लिहून ठेवा. २०२६ चा ड्राफ्ट पिट्सबर्गला ठरला. पहिली फेरी आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला लागते, ती पॅकर्सवाल्यांनी झोपून काढली तरी चालेल. दुसरी-तिसरी फेरी शनिवारी पहाटे साडेचारला. आमच्या शिफ्टची कॅब तोवर घरी सोडते, चहा टाकायलाही वेळ मिळतो. उरलेल्या फेऱ्या शनिवारी रात्री साडेनऊपासून. लॅपटॉपवर डावीकडे एक्सेल, उजवीकडे खरा ड्राफ्ट, आणि सिम्युलेटर बंद.