पहिल्याच फेरीत पहिलाच पर्याय

मी बीड जिल्ह्यातील एका विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव आहे. गेली 19 वर्षे पीककर्जाचे अर्ज, सातबारा, आठ-अ आणि हमीपत्रे यांतच माझे दिवस जातात. कोऱ्या कागदावर सही करू नका, वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवू नका, हे मी सभासदांना इतक्या वेळा सांगितले आहे की ते आता माझी थट्टा करतात. त्याच मी 2024 च्या जुलै महिन्यात एका माणसाला फोनवर सहा आकडे वाचून दाखवले आणि माझ्या मुलीची चार वर्षे त्याच्या स्वाधीन केली. हे लिहिताना संकोच वाटतो. पण प्रवेशाचे दिवस आले की आमच्या भागात अशी माणसे पुन्हा फिरू लागतात, म्हणून जे घडले ते सविस्तर सांगतो.

मुलीने अकरावी-बारावी लातूरला केली. खोलीचे भाडे, खानावळ आणि शिकवणी यांचा दोन वर्षांचा खर्च कसा भागवला ते आमच्याकडील बहुतेक पालकांना सांगावे लागणार नाही. अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीत तिला 88 पर्सेंटाइल मिळाले. नामांकित शासकीय महाविद्यालयात संगणक शाखा मिळावी इतके ते नव्हते, पण एखाद्या जुन्या, बऱ्या महाविद्यालयात तिचा निभाव नक्की लागला असता. ट्यूशन एरियात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ‘प्रवेश मार्गदर्शन’ असा फलक होता आणि आमच्याच तालुक्यातील एका ओळखीच्या गृहस्थांनी तिकडे बोट दाखवले. आत वातानुकूलित खोली, भिंतीवर विद्यार्थ्यांचे फोटो आणि टेबलामागे तिशीतला, अतिशय नम्र तरुण होता. मी म्हणालो, अर्ज आम्हीच भरू, तुम्ही फक्त सल्ला द्या. त्यावर तो हसून म्हणाला, “सचिव साहेब, तुमची कर्जाची फाइल मी भरली तर चुकेल की नाही? तशीच ही फाइल तुम्ही भरली तर चुकेल.” माझ्या धंद्याचाच दाखला दिल्यामुळे मला ते पटले. अशी माणसे समोरच्याचा धंदा आधी विचारून घेतात, हे मला फार उशिरा कळले.

त्याने 15,000 रुपये सांगितले. त्यांपैकी 5,000 मी तिथेच फोनवरून पाठवले. ते एका महिलेच्या नावावरील खात्यात गेले आणि पावती मिळाली नाही. दहावी-बारावीची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, असे सगळे मूळ कागद त्याने ‘पडताळणीसाठी’ ठेवून घेतले. वास्तविक ई-पडताळणीसाठी कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रती अर्जासोबत जोडायच्या असतात आणि मूळ कागद जागा मिळाल्यावर महाविद्यालयात दाखवायचे असतात. म्हणजे त्याला त्या कागदांची काहीच गरज नव्हती. गरज होती ती आम्ही दुसरीकडे जाऊ नये याची.

आठवडाभराने मी सोसायटीत कर्जवाटपाच्या गर्दीत बसलो असताना त्याचा फोन आला. लॉगिनचा पासवर्ड चालत नाही, नवा करावा लागेल, तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल तो सांगा, असे तो म्हणाला. समोर चार सभासद उभे होते, हातात स्टॅम्प पॅड होते. मी आकडे वाचले आणि पुन्हा कामाला लागलो. त्या क्षणापासून मुलीचा अर्ज त्याच्या ताब्यात गेला, कारण नवा पासवर्ड फक्त त्यालाच ठाऊक होता. “चाळीस कॉलेजं भरली आहेत, निर्धास्त राहा,” असे त्याने संध्याकाळी कळवले.

आता ही फसवणूक नेमकी कुठे होते ते सांगणे आवश्यक आहे, कारण मलाही ते नंतरच उमगले. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत विद्यार्थ्याने महाविद्यालय आणि शाखा यांचा पसंतीक्रम भरायचा असतो आणि 300 पर्यंत पर्याय देता येतात. पहिल्या फेरीत जर यादीतील पहिलाच पर्याय मिळाला, तर ती जागा आपोआप निश्चित धरली जाते आणि विद्यार्थ्याला पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. नियम रास्तच आहे, कारण पहिली पसंती मिळाल्यावर आणखी काय हवे असते? पण ज्या महाविद्यालयात जागा रिकाम्या राहतात, त्याचे नाव जर कोणी पहिल्या ओळीत घातले, तर चांगले पर्सेंटाइल असलेला विद्यार्थी पहिल्याच फेरीत हमखास तिथे अडकतो. दलालाचे दर विद्यार्थ्यामागचे पैसे त्या महाविद्यालयाकडून येतात. आपण दिलेले 15,000 ही त्याची वरकमाई असते.

ऑगस्टमध्ये यादी लागली. त्याचा फोन आला, “अभिनंदन साहेब, पहिलाच पर्याय लागला!” आम्ही पेढे वाटले. छत्रपती संभाजीनगरजवळच्या एका खाजगी महाविद्यालयात संगणक शाखा मिळाली होती आणि नाव कधी ऐकले नसले तरी शाखा हवी तीच होती. पंधरा दिवसांनी माझ्या मेहुण्याच्या मुलाला, ज्याचे पर्सेंटाइल मुलीपेक्षा सहाने कमी होते, त्याहून कितीतरी जुन्या महाविद्यालयात दुसऱ्या फेरीत जागा मिळाली, तेव्हा मुलीच्या मनात शंका आली. तिने स्वतः पासवर्ड पुन्हा बदलून घेतला आणि भरलेल्या पर्यायांची प्रत काढली. चाळीस नव्हे, तीन पर्याय होते, आणि तिन्ही एकाच संस्थेच्या महाविद्यालयांचे. तिने ती प्रत माझ्यापुढे ठेवली आणि काहीच बोलली नाही.

जागा सोडून द्यावी, तर पुढची वाटही त्याने बंद केली होती. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात 100 टक्के सवलत मिळते. पण ती केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशालाच लागू आहे, व्यवस्थापन कोट्याला किंवा संस्था स्तरावरील, म्हणजे महाविद्यालय स्वतः देते त्या, प्रवेशाला नाही. पुढच्या फेऱ्या बंद झाल्याने दुसरे महाविद्यालय संस्था स्तरावरच मिळणार होते आणि तिथे सगळे शुल्क खिशातून भरावे लागले असते. गटसचिवाच्या पगारात ते शक्य नव्हते. मुलीने आहे तीच जागा घेतली.

महाविद्यालयात गेल्यावर आणखी 22,000 रुपये मागितले गेले. सवलतीत न येणारे विकास शुल्क भरावे लागते, हे खरे. परंतु 2015 च्या कायद्याने स्थापन झालेले शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक खाजगी व्यावसायिक महाविद्यालयाचे शुल्क ठरवून देते आणि ते आकडे त्याच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. मी ते आधी पाहिले असते तर ‘इतर’ या नावाखाली साध्या कागदावर लिहून घेतलेल्या रकमेबद्दल तिथल्या तिथे विचारले असते. पैसे घेऊन पावती न देणाऱ्या संस्थेबद्दल सोसायटीच्या लेखापरीक्षकाने काय लिहिले असते, ते मला चांगले ठाऊक आहे. देणगी घेण्यास बंदी करणारा कायदा तर राज्यात 1987 पासून आहे.

माहितीपुस्तिकेत प्रयोगशाळांचे फोटो होते. प्रत्यक्षात त्यांपैकी दोन खोल्यांना पहिले सहा महिने कुलूप होते. एकाच विषयाचे शिक्षक एका सत्रात तीनदा बदलले. पुस्तिकेतील ‘निवड झालेल्या’ मुलांपैकी दोघांशी मी नंतर फोनवर बोललो, तर एक जण कॉल सेंटरमध्ये होता आणि दुसऱ्याला कंपनीचे पत्र मिळाले, पण रुजू करून घेतलेच नव्हते. हे सगळे प्रवेशाआधी कळले असते. कामकाजाच्या दिवशी सकाळी अकराला, न कळवता जाऊन फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाच्या मुलांजवळ अर्धा तास बसलो असतो, तरी पुरे होते. बैल घेताना आम्ही दात पाहतो, चालवून पाहतो, मागच्या मालकाला विचारतो. आणि इथे मी फोटो पाहून आलो.

मूळ कागद मिळवायला तीन फेऱ्या लागल्या. उरलेले 10,000 दिल्याशिवाय तो कागद देत नव्हता. शेवटी गावच्या पोलिस पाटलांनी फोन केल्यावर त्याने ते शिपायाच्या हाती पाठवले. पोलिस ठाण्यात तक्रार द्यायला गेलो, तेव्हा अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “ओटीपी कोणी सांगितला?” अर्ज आमच्या लॉगिनवरून, आमच्या मोबाइलवर आलेल्या आकड्यांनी भरला गेला होता. पावती नव्हती, करार नव्हता. तक्रार अर्जाची पोच मिळाली, ती माझ्या फाइलला आहे.

मुलीने मात्र माझ्याइतका वेळ हळहळण्यात घालवला नाही. जे विषय वर्गात नीट शिकवले जात नाहीत, ते ती एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाच्या मोफत व्याख्यानांवरून शिकते आणि त्यांतील दोन विषयांची परीक्षाही तिने दिली. शासकीय महाविद्यालयातील तिच्या जुन्या मैत्रिणींबरोबर ती रविवारी बसते. महाविद्यालयात एक तरुण प्राध्यापिका खरोखर तळमळीने शिकवतात. त्यांच्या प्रयोगशाळेच्या किल्लीची जबाबदारी आता हिच्याकडे आहे. दुसऱ्या वर्षी महाविद्यालय बदलण्याचा प्रयत्न करून पाहिला, पण हव्या त्या ठिकाणी तिच्या शाखेत जागा रिकामी नव्हती.

2025 मध्ये एका सभासदाच्या मुलाचा पसंतीक्रम आम्ही सोसायटीच्या कार्यालयात बसून भरला. मागील वर्षाची कट-ऑफ यादी परीक्षा कक्षाच्या संकेतस्थळावर असते. ती घेऊन आम्ही आधी वहीत नावे लिहिली, वर आवाक्याबाहेरची पण आवडीची, मध्ये जमण्यासारखी, खाली खात्रीची. 64 पर्याय झाले. त्या वर्षी नियम आणखी आवळला होता: दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पर्यायांपैकी काही मिळाले तरी जागा निश्चित होत होती. म्हणून वरच्या सहा नावांवर आमचे दोन दिवस गेले. मुलाने स्वतः बटण दाबले आणि पासवर्ड त्याच्या आईने भिंतीवरच्या कॅलेंडरमागे लिहून ठेवला, जे मला फारसे आवडले नाही.

या जूनमध्ये कामानिमित्त लातूरला गेलो होतो. त्या माणसाने कार्यालय शेजारच्या गल्लीत हलवले आहे आणि बाहेर मोठा फ्लेक्स लावला आहे. त्यावर तिसऱ्या ओळीत माझ्या मुलीचा फोटो आहे, प्रवेश अर्जावरचाच, आणि खाली लिहिले आहे, ‘पहिल्याच फेरीत पहिलाच पर्याय!’ फोटो काढून टाका, असे मी लेखी कळवले आहे.